छडी गेली, झापणं राहिलं

दोन वर्षं झाली, शाळेत मला समुपदेशक केलं. केलं म्हणजे काय, तालुक्याला एक ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं आणि हेडमास्तर म्हणाले आता बेशिस्त पोरं तुमच्याकडं. बीड जिल्ह्यातलं खेड्यातलं हायस्कूल आमचं, मी मराठी शिकवतो, आता हे पण.

पहिले काही महिने मी काय केलं तर पोराला लॅबमध्ये बोलवायचो, खुर्ची द्यायचो (ट्रेनिंगमध्ये खुर्ची द्या म्हणून सांगितलेलं) आणि अर्धा तास सुरू. आईबाप तिकडं उसाच्या फडात राबायलेत, तू इथं काय दिवे लावायलास, दहावीला काय करणार, वगैरे वगैरे. एक दिवस दहावीतलं एक पोरगं मान खाली घालून म्हणालं, "सर, दोन छड्या मारा अन् सोडा, पण हे नको." स्टाफरूममध्ये मी जोक म्हणून सांगितलं, सगळे हसले, मी पण हसलो. घरी आल्यावर मात्र ते काही डोक्यातून जाईना.

कारण पोरगं खरंच बोललं होतं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्याच्या कलम १७ मध्ये लेकराला मारायचं नाही आणि मानसिक त्रास द्यायचा नाही असं दोन्ही लिहिलंय, आपण निम्मंच वाचलं. छडी कपाटावर गेली आणि भर वर्गात उभं करून घरादाराचा उद्धार करणं चालूच राहिलं. वरून एक पळवाट सगळ्या मास्तर लोकांना तोंडपाठ, की तो कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा, नववी-दहावीला लागूच नाही. अहो लागू नाही म्हणून काय नववीत गेल्यावर पोराची कातडी जाड होते का?

तर नववीतलं एक पोरगं. वर्गात झोपायचं, उठवलं की अंगावर यायचं, दोनदा मारामाऱ्या, एकदा तर गणिताच्या सरांचा हात झटकला. दाखला देऊन टाका म्हणून मागणी सुरू झाली. ह्या वेळी मी लेक्चर दिलं नाही, खरं सांगायचं तर बोलायला काही उरलंच नव्हतं. लायब्ररीची पुस्तकं मोजायची होती, त्याला सोबत घेतलं, तो नंबर वाचायचा मी रजिस्टरला टिक करायचो. तीन दिवस हेच. एकीकडं मी त्याच्या तक्रारींच्या तारखा काढल्या तर गंमतच, एक आठवडा पोरगं एकदम गरीब गाय आणि पुढच्या आठवड्यात आग्यामोहोळ, परत गाय. चौथ्या दिवशी पुस्तकावरची धूळ झटकता झटकता सहज विचारलं, रात्री झोपतोस किती वाजता रे. म्हणाला, "लाईटवर हाय सर."

दिवाळी झाली की आईबाप कोयत्यावर म्हणजे ऊस तोडायला, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, थेट एप्रिलात परत. मागं आजोबा, त्यांना दिसत नाही नीट, आणि दीड एकर हरभरा. शेतीपंपाला एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात बारं धरायला म्हणजे पिकाला पाणी द्यायला हाच, थंडीत, हातात बॅटरी. सकाळी प्रार्थनेला पण हाच.

इथं मला वाटलं जमलं आपल्याला. आणि तिथंच माती खाल्ली. कौतुकानं सगळं स्टाफरूममध्ये सांगितलं, वाटलं सगळे जरा सांभाळून घेतील. दुसऱ्याच दिवशी एका सरांनी वर्गात हाक मारली, "काय वायरमन, झाली का झोप?" मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शाळेत वायरमन झालं होतं. पोरगं चार दिवस आलं नाही. आलं तेव्हा मी सॉरी म्हणालो, ते "हा सर" म्हणालं आणि त्यानंतर माझ्याशी हजेरीपुरतंच बोललं.

पोराला कोणाकडून लैंगिक त्रास होतोय असं कळलं तर पोक्सोखाली, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं, पोरगं जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी करायला लागलं तर घरी सांगून डॉक्टरकडं न्यावंच लागतं, आणि लेकरांच्या हेल्पलाईनचा १०९८ किंवा टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर पोरांना वहीवर लिहून द्यावा. तिथं गुपित ठेवून चालत नाही. पण हरभऱ्याला पाणी देणं त्यातलं होतं का? ते माझ्या पोटात राहायला पाहिजे होतं. ट्रेनिंगमध्ये गोपनीयतेची स्लाईड होती हो, जेवणाच्या आधीची शेवटची, सगळ्यांचं लक्ष भाजीच्या वासाकडं.

दाखला दिला नाही, एवढं मी अडवलं. पुढं जे झालं त्यात माझा काही हात नाही. जानेवारीत एकदा शिपाई मामा वर्गाच्या दारात आले आणि हळूच म्हणाले, "सर, ह्या हप्त्यात त्याला उठवू नका." मी विचारलं तुम्हाला तो सांगतो का. म्हणाले, "सांगतंय कशाला, माझं रान त्याच्या बांधाला. मीबी रातभर तिथंच असतो की."

तेव्हापासून आमचं ठरलंय, रात्रीची लाईट आली की मामा सोमवारी घंटा देताना माझ्याकडं बघून नुसती मान हलवतात. मी मागच्या बाकाकडं जात नाही.