हयातीचा दाखला

आज बँकेत ६४० रुपयांसाठी माझा आवाज चढला. महागाई भत्त्याचा फरक खात्यात जमा झालेला नाही हे माझे म्हणणे खरेच होते. त्यातच अंगठ्याचा ठसा यंत्राने तीनदा नाकारला, म्हणजे मी हयात आहे हेसुद्धा सिद्ध होईना. तरीही काउंटरवरची मुलगी नातीच्या वयाची होती, आणि ‘आजोबा, आधी बसा ना’ असे तिने म्हटल्यावर मी जे बोललो ते इथे लिहवत नाही.

घरी येऊन पेन्शनची जुनी कागदपत्रे शोधताना दादांच्या ट्रंकेत समाजवादी खासदार मधू लिमयांच्यावरच्या कात्रणांचे पाकीट सापडले, आणि दुपारपासून मनाला जे टोचते आहे ते त्या मुलीमुळे की या पाकिटामुळे, हे काही केल्या ठरत नाही.

आणीबाणीत लोकसभेची पाच वर्षे भरली आणि सरकारने सभागृहाची मुदत वाढवून घेतली, तेव्हा लोकांनी दिलेली मुदत संपली एवढ्याच हिशेबाने लिमयांनी तुरुंगातून राजीनामा पाठवला. त्याने काय झाले, तर काहीच नाही. मुदतवाढ व्हायची ती झाली, आणि राजीनामा देणाऱ्यांत त्यांच्या जोडीला शरद यादवांचे नाव तेवढे आठवते. खासदारांना निवृत्तिवेतन देण्याची तरतूदही १९७६ चीच. चारदा निवडून आलेल्या या माणसाने ते घेतले नाही, आणि गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगिजांनी १२ वर्षांची शिक्षा फर्मावलेली असूनही स्वातंत्र्यसैनिकाचे मानधन घेतले नाही. दिल्लीतल्या त्यांच्या घरात फ्रीजही नव्हता, असे दादा सांगत.

आता यात मला ओशाळण्याचे काय कारण, हे मी स्वतःला चारदा विचारून पाहिले. मी ३४ वर्षे खर्डेघाशी केली, एक दिवस उशिरा गेलो नाही, लाच घेतली नाही, आणि त्याबद्दल कोणी माझे कात्रण काढून ठेवलेले नाही. माझ्या हक्काचे पैसे मी मागू नयेत का? हिने तर स्पष्टच सांगितले, ‘अहो, त्यांनी नाही घेतले म्हणून आपण वाणसामान आणायचे नाही का?’ उत्तर बरोबर आहे, तरी ओशाळलेपण जात नाही.

रात्री पुन्हा कात्रणे चाळली तेव्हा ध्यानात आले की हिशेबाच्या बाबतीत लिमये माझ्याहून कितीतरी चिकट होते. सभागृहाच्या कामकाजाचे नियम त्यांना पाठ, आणि कागद हातात धरून ते प्रश्न विचारायला उठले की मंत्र्यांना घाम फुटे. म्हणजे भांडण्याला त्यांचा विरोध नव्हता. जनतेचा पैसा ते सोडत नसत, सोडला तो स्वतःचा. माझे आजवरचे भांडण तपासले तर त्यात जनता कुठेच सापडत नाही. वॉर्डातल्या खोदलेल्या रस्त्याबद्दल मी एक पत्रसुद्धा पाठवलेले नाही.

शिवाय पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या माणसाला लोकसभेत पाठवले ते बिहारमधल्या मुंगेर आणि बांका या मतदारसंघांनी. हे वाचून मला एकट्यालाच बराच वेळ हसू येत राहिले. जनता पक्षात राहून रा. स्व. संघाचेही सदस्य राहता येईल का, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद लिमयांनी लावून धरला, आणि १९७९ साली त्या वादात जनता सरकार गेल्यावर दादा या पाकिटाला हात लावीनासे झाले होते, पण ते आज नको.

सोमवारी पुन्हा बँकेत जायचे आहे. फरकाचा अर्ज लिहून ठेवला आहे. त्यातले ‘वारंवार मनस्ताप’ हे शब्द खोडले, ६४० चा आकडा मात्र तसाच ठेवला. त्या मुलीला काय म्हणायचे, ते अजून सुचलेले नाही.