बाटली आडवी करायची तर आधी यादी उघडा

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर गावातल्या बायकांचं गुप्त मतदान होतं: मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू, आणि बंदीला निम्म्याहून जास्त मतं लागतात. गावात १,८०० महिला मतदार आहेत असं धरा. मतदानाला १,२०० जणी आल्या आणि त्यातल्या ८७० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. चौघींतल्या जवळजवळ तिघी दुकान बंद करा म्हणाल्या, तरी दुकान चालूच राहतं. कारण निम्म्याचा हिशेब पडलेल्या मतांवर होत नाही, यादीतल्या सगळ्या नावांवर होतो. इथं ९०१ पाहिजेत. माहेरी गेलेली सून, भांगलणीला गेलेली बाई आणि कधीच वारलेली पण यादीत राहिलेली आजी, या तिघींचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखंच असतं.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ, करवीर, कागल, कुठल्याही तालुक्यातल्या गावात दारूबंदीचा विषय निघाला की पहिली हौस मोर्चाची असते. मोर्चा काढा, पण नंतर. आधी मतदार यादी काढा, गल्लीवार फाडा आणि प्रत्येक नावापुढं खूण करा: गावात आहे, लग्न होऊन गेली, पुण्या-मुंबईला राहते, मयत, नाव दोनदा आलंय. मयत आणि कायमच्या गेलेल्यांसाठी नमुना ७, पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्या सुनांसाठी नमुना ६, माहेरच्या यादीत नाव असलेल्या सुनांसाठी आणि पत्ता किंवा नावातल्या दुरुस्तीसाठी नमुना ८. हे काम बीएलओकडून, म्हणजे गावची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून होतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून दुकानबंदीच्या मतदानाचा अर्ज द्यायच्या आधीच उरकायचं. वरच्या गावात अशी १५० नावं कमी झाली तर यादी १,६५० ची होते आणि ८२६ मतांत काम होतं. पंच्याहत्तर मतं एकही सभा न घेता मिळाली!

आता अर्ज. शासनाच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. सगळ्या मतदारांच्या नावानेही मागणी करता येते, पण पुरुषांना हिशेबात घेतलं की काय होतं ते सांगायला नको. १,८०० ला ४५० सह्या होतात. गोळा करायच्या ६०० तरी, कारण पडताळणीत गळती होते. राज्य उत्पादन शुल्कचे अधिकारी गावात येऊन सह्या तपासतात, तेव्हा बाई ओळखपत्र घेऊन समोर हजर पाहिजे. गळतीची कारणं ठरलेली आहेत. नवऱ्यानं किंवा पोरानं बाईच्या नावानं केलेली सही. यादीत माहेरचं नाव आणि अर्जात सासरचं. अंगठा आहे पण तो कुणाचा हे सांगणारी साक्षीदार नाही. म्हणून कागदावर रकाने आखतानाच यादी भाग क्रमांक, त्यातला अनुक्रमांक, यादीत छापलंय तसंच नाव, ओळखपत्र क्रमांक आणि सही असे आखा. अंगठ्याशेजारी ओळखणारीची सही घ्या.

जी बाई दुकानदाराच्या रानात कामाला जाते, तिची सही मागू नका. अर्जावरचं नाव गावाला कळतं, मतपत्रिकेवरचा शिक्का कळत नाही. हा फरक तिला चुलीपाशी बसून नीट सांगितला की ती सही न करता मतदानाला येते. सहीसाठी मागं लागलात तर दोन्हीकडून जाते.

सह्यांचा हा अर्ज, म्हणजे निवेदन, देताना आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. पुढं काहीच हललं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, १५० शब्दांत, एकच विषय. ‘अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत’ एवढं पुरतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. अर्जात ‘का’ विचारू नका. कार्यालयाकडं कागद असतो, कारण नसतं.

तारीख प्रशासन ठरवतं, पण लेखी विनंती करता येते आणि करावीच. जुलै-ऑगस्टमध्ये भांगलण आणि नदीकाठच्या गावांना पुराची धास्ती. २०१९ आणि २०२१ नंतर त्या दिवसांत शिरोळमध्ये कुणी दुसरा विषय ऐकून घेत नाही. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, जोतिबाची यात्रा, गावोगावच्या जत्रा. निम्म्या बायका पाहुण्यात. फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरा. आणि गावात निवडणूक जवळ आली असेल तर सरळ थांबा. आचारसंहितेत प्रक्रिया अडकते हे एक, आणि त्या दिवसांत प्रत्येक सही कुठल्या तरी गटाची मोजली जाते हे दुसरं.

गट-तट हाच आपल्याकडचा खरा खड्डा. दारूबंदी ‘त्यांच्या’ गटाची आहे अशी हवा झाली की दुसऱ्या गटाच्या बायका मतदानादिवशी घराबाहेर पडत नाहीत, आणि न पडणं म्हणजे काय ते वर आलंच आहे. समिती करताना दोन्हीकडच्या बायका बरोबरीनं घ्या, माइक पुढाऱ्याच्या हातात देऊ नका, झेंडा कुठलाच नको. कोल्हापूरनं टोल घालवला तो सर्वपक्षीय कृती समितीनं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तोही गावाचा म्हणून झाला. नंतर शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांपुढं त्याचा कित्ता ठेवला.

प्रचाराची जागा म्हणाल तर दूध संस्था. सकाळी सहाला किटली घेऊन उभी असलेली बाई दहा मिनिटं तिथंच असते. तिच्या हातात नमुना मतपत्रिका द्या. वर उभी बाटली, खाली आडवी. शिक्का कुठं मारणार विचारलं की बऱ्याच जणी आधी उभीवर बोट ठेवतात. ‘दारूविरुद्ध उभं राहायचं’ हे डोक्यात असतं ना! उभी म्हणजे दुकान उभं, आडवी म्हणजे दुकान आडवं, हे दोनदा म्हणवून घ्या. दोन्हीवर शिक्का, रेघेवर शिक्का, शिक्क्याऐवजी अंगठा, ही सगळी मतं बाद होतात, आणि बाद मत म्हणजे गैरहजरच.

मतदानादिवशी पंचवीस घरांमागं एक बाई, तिच्याकडं तिच्या गल्लीची यादी. दुपारी बारापर्यंत कोण आलं नाही ते तिला नावानिशी माहीत पाहिजे. मळ्यातल्या वस्तीवर वडापची गाडी किंवा ट्रॉली आधीच सांगून ठेवा. आदल्या रात्री साड्या फिरतात, ‘रेशन बंद होईल’ अशी आवई उठते. साडी घेऊ द्या, त्यावरून भांडू नका. मत गुप्त आहे एवढंच परत सांगा.

दुकान बंद झालं की परवानाधारक अपिलात जातो आणि बोट ठेवतो ते सह्यांच्या पडताळणीवर. त्यामुळं पोच, पडताळणीचा पंचनामा आणि निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल एकाच फाइलीत ठेवा, आणि फाइल दोन घरांत ठेवा. दुसरा त्रास म्हणजे पोत्यातनं पानटपरीवर येणारी बाटली. तिच्यावर मतदानाचा उपाय चालत नाही, तो गुन्हा आहे. त्यासाठी कायद्यात ग्रामरक्षक दलाची, म्हणजे चोरट्या दारूवर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या दलाची, तरतूद आहे, आणि ते ग्रामसभेतून करून घ्यावं लागतं. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० यांतला जो कमी तो. शंभर बायका आदल्या महिला सभेतनंच उठून तिथं येऊन बसल्या तर कोरमचं निमित्त उरत नाही. ठराव प्रोसिडिंग बुकात सूचक-अनुमोदकासह लिहिला गेल्याशिवाय मात्र उठू नका.