हरवलेलं चॅपेल शोधताना आधी थडगी बघा

वसईकडे किंवा कोकणात शेताच्या पोटात गेलेलं जुनं चॅपेल हुडकायचं तर भिंतींच्या मागे लागू नका. घडीव दगड सगळ्यात आधी पळतो: कुणाच्या विहिरीला, कुणाच्या गोठ्याला. थडगी मात्र जागची हलत नाहीत.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. गाडलेल्या जोत्यावर माती वीतभरच असते, म्हणून तिथलं गवत आधी पिवळं पडतं. थडग्याची माती एकदा उकरून भरलेली, खोल आणि भुसभुशीत. ओल टिकते, गवत हिरवं राहतं. मार्चनंतर गवत गेलं की सकाळच्या तिरप्या उन्हात खळगे सावलीने उठून दिसतात. भर दुपारी जाणं फुकट.

सुमारे सहा फूट बाय दोन फुटांचे, ओळीने पूर्व-पश्चिम पडलेले खळगे हवेत. होकायंत्र लावाच. लांबी उत्तर-दक्षिण असेल तर ते बहुधा मुस्लिम कब्रस्तान. आंब्याच्या कलमांचे खड्डे फसवतात, पण ते चौकोनी असतात आणि ठरावीक अंतरावर. चर्चची वेदी पूर्वेला असते या नियमावर विसंबू नका. तो सगळीकडे पाळलेला नाही.

मग पायाखालचे तुकडे बघा. पातळ, चपटे, अर्धपारदर्शक शिंपले मिळाले तर तिथे पोर्तुगीज पद्धतीच्या खिडक्या होत्या असं समजायला हरकत नाही, फक्त त्या एखाद्या जुन्या घराच्याही असू शकतात. मंगळुरी कौल सापडलं तर छप्पर 1865 नंतरही शाकारलं जात होतं. बासेल मिशन या मिशनरी संस्थेचा मंगळुरातला कौलांचा कारखाना त्या साली निघाला.

बाकीचं सामान जवळच्या चालू चर्चमध्ये शोधा. अंधेरीत आता सीप्झ या निर्यात उद्योगांच्या वसाहतीच्या आवारात असलेलं 1579 चं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च 1840 च्या साथीनंतर सोडलं, तेव्हा मूर्ती आणि बाप्तिस्म्याचं कुंड मरोळच्या चर्चमध्ये गेलं. दफनाची नोंदवहीही चॅपेलची वेगळी नसते, मुख्य चर्चची असते. तलाठ्याकडच्या गाव नकाशात शेतांच्या मधोमध एखादा इवलासा स्वतंत्र सर्व्हे नंबर दिसला, तर त्याचा जुना सातबारा काढा.

उकरू मात्र नका. हाड दिसलं तर वर पुन्हा माती लोटून पोलीस पाटलाला सांगा. नाणं, दागिना मिळाला तर 1878 च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरच्या ऐवजाची खबर कलेक्टरला द्यावी लागते.