टाचण्यांची वही: पावसाळ्यानंतरची भर

टाचणी म्हणजे पाण्याकाठचा, चतुरासारखा पण सडपातळ कीटक; मुंबईत दिसलेल्या टाचण्यांच्या नोंदींची ही वही. यंदा तिची मांडणी बदलली. नोंदी तारखेवार नाहीत, पाण्यावार आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला सावलीतला वाहता ओढा वेगळा, पवई तलावाचा गवताळ काठ वेगळा, भांडुप पंपिंग स्टेशनकडचं मचूळ पाणी वेगळं. टाचणीची पिल्लं पाण्यातच वाढतात, तेव्हा नुसतं ‘बोरिवली’ लिहून भागत नाही. शंभरावर चौरस किलोमीटरचं उद्यान. नकाशावरची खूण फाटकावर टाकली तर पुढच्याने शोधायचं कुठे?

सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्यात जास्त पानं भरली इश्नुरा सेनेगालेन्सिस या जातीच्या टाचणीने. सोबतचे वैतागतात, ‘परत तीच?’ हो, परत तीच. मचूळ आणि बऱ्यापैकी घाण पाण्यातही ती तगते. एखाद्या काठावर फक्त हीच सापडत असेल तर ती त्या पाण्याचीच नोंद झाली. नर सोपा: उदर (शेपटीसारखा लांब भाग) वरून काळं, आठवा खंड निळा. त्याच वंशातल्या इश्नुरा रुबिलिओच्या नराचं उदर पिवळं असतं आणि टोकाचा निळा रंग नवव्या खंडावरही असतो. खरा घोळ माद्यांचा. सेनेगालेन्सिसची एखादी मादी नरासारखीच रंगलेली, दुसरी कोवळी असताना भडक नारिंगी आणि वय झालं की मळकट. जोडी जुळलेली असतानाच मादीचा फोटो घ्यावा, म्हणजे नरावरून जात पक्की होते.

गवतात गुडघ्याच्या खाली अ‍ॅग्रिओक्नेमिस पिग्मिया. उदर जेमतेम १६-१७ मिमी, नराच्या शेपटीचं टोक विटकरी. तिच्यासाठी चिखलात बसावंच लागतं, पँटचा मोह सोडा.

स्युडॅग्रिऑन या टाचण्यांच्या वंशातल्या निळ्या नरांबाबत मी आता कडक झालोय. एक फोटो बाजूने, एक शेपटीच्या टोकाच्या उपांगांचा (मादीला पकडायच्या आकड्यांचा). पाठीवरून काढलेला एकच फोटो असेल तर नोंद वंशापाशी थांबते, मग फोटोवरून ओळख सुचवणारं आयनॅचरलिस्ट कितीही आत्मविश्वासाने जातीचं नाव सुचवो. उद्यानात परवानगीशिवाय कीटक पकडणं बेकायदा आहे, म्हणजे सगळी भिस्त फोटोवरच.

ओढ्यावर कोपेरा मार्जिनिपेस भरपूर. नराचे पाय पिवळेधमक. नुकत्याच कातीतून बाहेर पडलेल्या मात्र खडूसारख्या पांढऱ्या, आणि हा टप्पाही मी वेगळा लिहितो. दाट सावलीत व्हेस्टालिस वंशातल्या टाचण्या: पंखांची टोकं काळी असतील तर अपिकालिस, पूर्ण पारदर्शक असतील तर ग्रॅसिलिस. एवढं सरळ गणित या छंदात क्वचितच मिळतं.

आता ओढे आटायला लागतील. उरलेल्या डोहांवर फेऱ्या चालू ठेवणार. काही दिसलं नाही तरी वेळ, ऊन आणि ‘शून्य’ एवढं लिहायचंच. आरेतल्या डबक्यांच्या नोंदी कोणी ठेवत असेल तर डबकं कधी आटलं तेही लिहून ठेवा, पडताळून पाहायला आवडेल.