नोंद 14: अकरा नेफे आणि एक क्लिअर फाइल

सहा नेफे झाले! माझ्या जुन्या ड्रेसच्या (जपानी लोलिता फॅशनचा, घेरदार) पाठीत नवं इलॅस्टिक ओवतेय, त्यातले अकरापैकी सहा. रात्रीचे पावणेदोन वाजलेत, उद्या ऑफिस आहे, पण हे आत्ता लिहिलं नाही तर झोप लागायची नाही.

मागच्या नोंदीत मी नाचत नाचत फोटो टाकले होते, ते आठवत असेल. विशलिस्टवरचा तीन नंबर, गडद हिरवा जेएसके (जंपर स्कर्ट, म्हणजे ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा ड्रेस), चार वर्षं शोधल्यावर लिलावात हाती लागला. 14,800 येन, तेही हेडबो, म्हणजे डोक्यावर लावायच्या बोसकट. तेवढ्यात मिळतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे तेव्हाच कळायला हवं होतं. वर्णनाच्या अगदी शेवटी लिहिलेलंही होतं: 'गोमु रेक्का आरी'. म्हणजे इलॅस्टिक खराब झालंय; जुने ब्रँड घेणाऱ्यांना हे सांगायला नको. मी वाचलं, 'असेल जरा सैल' म्हटलं आणि बोली लावली.

सैल कसलं? इलॅस्टिक दोन तऱ्हांनी मरतं. एक, ताणून ताणून लुळं पडतं. अशा ड्रेसमागे रिबन आवळून बांधली की काम भागतं. दुसरी तऱ्हा वाईट. त्यात आतलं रबर कडक होतं आणि आकसलेलं असतं तिथेच थिजतं. माझा दुसऱ्यातला. ड्रेस मोकळा ठेवला की छातीत 80 भरतो. पाठीचा शर्रिंगचा (इलॅस्टिक घालून चुण्या पाडलेला) पट्टा चुण्यांसकट 21 सेंटीमीटर आणि चुण्या पूर्ण उलगडल्या तर 38. म्हणजे धडधाकट असता तर 97 पर्यंत गेला असता. मी 90. पहिल्यांदा अंगात घालताना पाठीतून करकर आवाज आला, पापडाच्या डब्यावर बसावं तसा. काढला, बाजूची शिवण आतून दोन इंच उसवली आणि झटकलं तर फरसाणाच्या पुडीच्या तळाशी उरतो तसला पिवळट चुरा टाटामीवर (जमिनीवरच्या जपानी चटईवर) पडला.

तर प्रश्न असा. पाठीवर अकरा नेफे, एकेक सहा मिलिमीटर रुंद. वरचं कापड आणि खालचं अस्तर यांच्यामध्ये समांतर टिपा मारून बोगदे केलेत आणि प्रत्येक बोगद्यातून एक इलॅस्टिक. दोन्ही टोकं बाजूच्या शिवणीत घट्ट शिवलेली. जुनं काढायचं, नवं ओवायचं, टोकं परत शिवायची. सांगायला एका वाक्याचं काम. मला तीन आठवडे लागलेत.

पहिला आठवडा उसवण्यात गेला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फक्त एक, क्लोव्हर कंपनीचा सीम रिपर (शिवण उसवायचं हत्यार) घ्या, शंभर येनच्या दुकानातला घेऊ नका. मी आधी स्वस्तातला वापरला आणि अस्तराला नखाएवढं भोक पाडलं. (रफू केलंय. दिसत नाही. मला दिसतं.)

दुसऱ्या आठवड्यात खरी परीक्षा. तुमच्यापैकी दोघीतिघींनी सुचवलं होतं की नव्या इलॅस्टिकचं टोक जुन्याला शिवायचं आणि जुनं दुसऱ्या बाजूने ओढून घ्यायचं. जुनं जिवंत असेल तर नामी युक्ती आहे. माझं बोगद्याच्या मध्यावर तुटलं आणि आता आत नव्याचं टोक, जुन्याचा तुकडा आणि चुरा असा तिहेरी जाम. तो नेफा मोकळा करायला एक अख्खा रविवार गेला.

मग गोमु-तोओशी, म्हणजे इलॅस्टिक ओवायची चिमटेवाली सुई. तिचं डोकंच सहा मिलिमीटरच्या बोगद्यात जाईना. सेफ्टीपिन गेली, पण वाटेत उघडली. जाड बोथट सुई गेली, पण इलॅस्टिकला आत पीळ बसत होता आणि पीळ पडलेलं इलॅस्टिक पाठीवर सुंभासारखं उठून दिसतं. त्यात मी आधी आठ कोलचं (कोल हे जपानातलं इलॅस्टिकच्या रुंदीचं माप) आणून बसले होते. आठ कोल म्हणजे साधारण सहा मिलिमीटर, नेफाही सहाचा, म्हणजे बरोबर बसेल असं गणित. बोगद्याला हलायला जागा लागते हे डोक्यातच आलं नाही. सहा कोल घ्या, पाच मिलिमीटरच्या आतबाहेर असतं. स्टेशनजवळच्या दुकानात सहा कोल म्हणून जे दिलं, ते दोनदा ताणल्यावर ढिलं पडलं. शेवटी शिंजुकूच्या ओकादाया या शिवणसामानाच्या दुकानात जाऊन विणीचं, जरा कडक असं घेतलं. निप्पोरीचा कापडबाजार कापडासाठी सोनं आहे, पण असल्या बारीकसारीक सामानासाठी मी ओकादायाच म्हणेन.

शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने ड्रेस उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "अगं, हा तर नेफाच आहे. परकराच्या नाडीसारखं ओव की." मी सुई, पिन, चिमटा सगळी कर्मकहाणी सांगितली. "खराट्याचा हीर घे. चपटा असतो, पीळ पडू देत नाही. टोकाला चीर दे आणि त्यात नाडी अडकव." तोक्योत नारळाच्या झावळीचा खराटा कुठून आणू? "मग चपटं, लवचीक, गुळगुळीत असं काहीही घे," म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून गेली.

चपटं, लवचीक, गुळगुळीत. टेबलावर ऑफिसची क्लिअर फाइल पडली होती. इथे कुठलंही पत्रक देतात ते या पारदर्शक प्लास्टिकच्या फाइलीत घालूनच देतात, घरात ढिगाने साठतात. लांब बाजूने चार मिलिमीटरची पट्टी कापली, एक टोक गोल केलं, दुसऱ्या टोकाला बारीक फट देऊन त्यात इलॅस्टिक टाक्याने अडकवलं. पट्टी 31 सेंटीमीटर, बोगदा 38, पण कापड पट्टीवर गोळा करत नेलं की पुरते. पहिला नेफा चार मिनिटांत! पीळ नाही, जाम नाही, उरलेला चुराही पट्टीने पुढे ढकलत बाहेर काढला. मी एकटीच मोठ्याने ओरडले. भिंतीपलीकडून ठकठक झाली.

पण थांबा. पहिले तीन नेफे मी पुन्हा उसवलेत. नवं इलॅस्टिक जरा आवळ असलेलं बरं म्हणून 17 सेंटीमीटरचे तुकडे कापले होते. हे इलॅस्टिक जेमतेम दुप्पट ताणतं. म्हणजे 34, बोगदा 38 चा, वरचे चार सेंटीमीटर वाया. अंगात गेला, पण बाजूच्या शिवणी पाठीकडे ओढल्या गेल्या आणि पुढच्या पिनटक्सच्या (शिवलेल्या बारीक चुण्यांच्या) सरळ रेषा कंस होऊन बसल्या. आता वरच्या चार ओळींना 21, मधल्या चारांना 20, कमरेच्या तिघांना 19, शिवाय दोन्हीकडे शिवणीत जायला दीड-दीड. टोकं मशीनवर शिवू नका, जाडी फार होते. हाताने उलटी टीप, दोनदा. अंगुस्तान घालून.

आता विशलिस्ट, कारण नोंद मुळात त्याची होती.

एक नंबर हलणार नाही. मोआ-मेम-मोआतिए या ब्रँडचा आयर्न गेट, लोखंडी कुंपणाच्या प्रिंटचा ड्रेस. गिटारवादक माना यांनी 1999 साली हा ब्रँड काढला तेव्हा मी शाळेत होते आणि काळ्यावरचा तो निळा मला पहिल्यांदा दिसला तो कॉलेजात, जपानीच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर. इतकी वर्षं तो का सोडवत नाही, हे परवा उसवता उसवता उमगलं. काठ! आपण ज्याला बॉर्डर प्रिंट म्हणतो तो सरळसरळ काठ आहे. सगळा जीव घेराच्या खालच्या वीतभरात, वर कापड शांत. लहानपणापासून दुकानात साडी उलगडली की आधी काठ बघायची सवय लागलेले डोळे आपले. घेरभर पसरलेलं ते लोखंडी कुंपण बघून ते दुसरं काय करणार? म्हणूनच सगळीकडे सारखं विखुरलेलं प्रिंट मला कधी भावलं नाही. एंजेलिक प्रिटी या गोडधोडाच्या प्रिंटवाल्या ब्रँडच्या मैत्रिणींनो, रागावू नका. गोडधोडाचं वेड मला वयाच्या तेविसाव्या वर्षी होतं आणि त्यांचा शुगरी कार्निव्हल ड्रेस मी दोनदा यादीत घालून दोनदा काढलाय.

दोन नंबरला ज्युलिएट ए ज्युस्टीन या ब्रँडचा, जुन्या चित्रांवरून छापलेल्यांपैकी कुठलाही एक. घेर पसरला की चित्र उघडतं, बसलं की मिटतं. चार नंबरला मेरी मॅग्डलीन ब्रँडचा बिनप्रिंटचा, नुसती लेस आणि शिवण. तो मात्र आज काढतेय. कारण हे लिहिता लिहिताच दुसरं काही सुचलंय.

खण. काठ म्हटल्यावर आधीच सुचायला हवं होतं! खणाचा पन्हा साधारण 80 सेंटीमीटर, दोन्ही कडांना काठ. जेएसकेच्या स्कर्टची लांबी 55 ते 60. म्हणजे कापड आडवं वापरलं, लांबी घेराभोवती फिरवली, तर काठ आपोआप खाली येतो, दुमडायचीही गरज नाही. वरची कड कापून कमरेत चुण्या. खण जरा ताठ असतो, त्यामुळे पॅनियरवर (घेर फुगवणाऱ्या आतल्या परकरावर) पडणार नाही, उभा राहील. घेर तीन मीटर. आईच्या कपाटात ओटीत आलेले खण चळतीने पडलेत, पण ते ब्लाउजपीस, एकेक 80 सेंटीमीटरचे आणि एक विटकरी तर दुसरा डाळिंबी. मग चार जोडायचे का? जोडावर काठाची नक्षी जुळणार नाही. जोडावर उभी लेस लावून झाकली तर? टॉर्शन (जाड सुती) लेस, केमिकल लेस नको, खणाशेजारी ती फार चकचकीत दिसेल. की सरळ ठाणातून तीन मीटर आणायला सांगू? आई नोव्हेंबरात येतेय, बॅगेत जागा बेसनाच्या लाडवांशी भांडून मिळवावी लागेल.

आधी हिरवा. ओचाकाई (आम्हा लोलितांची चहापार्टी) पुढच्या शनिवारी, पाच नेफे बाकी, उजव्या बाजूची शिवण सताड उघडी. ज्यांना पट्टीचं माप हवंय त्यांच्यासाठी पुन्हा: चार मिलिमीटर, फाइलच्या घडीच्या बाजूने कापू नका, तिथे प्लास्टिक वाकलेलं असतं.