घोटा मुरगळलाय, मॅटवर परत कधी उतरायचं?

कबड्डीत घोटा बहुतेकदा दोन वेळी मुरगळतो. एक, चढाईपटू बोनस रेषेपलीकडे पाय टाकून झटक्यात मागे वळतो तेव्हा. दुसरं, कोपरारक्षकाने घोटा धरलेला असताना चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा. पाऊल आत दुमडतं. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे, लिगामेंट) असतात, त्यांतला पुढचा सगळ्यांत कमजोर, म्हणून आधी तोच ताणतो किंवा फाटतो.

लगेच कोणीतरी तेलाची बाटली घेऊन येतं. त्याला प्रेमाने पण ठामपणे थांबवा. पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. ताज्या दुखापतीत त्याने सूज वाढते. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, फक्त लावणाऱ्याने जोर काढू नये. बोटांकडून वर क्रेप बँडेज बांधा आणि पाय उशीवर छातीपेक्षा उंच ठेवा. बर्फ कपड्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं. त्याने ठणका कमी होतो, अस्थिबंध लवकर जुळत नाही.

चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्हीपैकी कुठल्याही हाडाच्या टोकावर वा मागच्या कडेवर (खालच्या ६ सेंमीत) दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्सरे काढा. करंगळीमागच्या लांब हाडाच्या बुडाशी आणि पावलाच्या आतल्या कमानीच्या वरही दाबून बघा. तिथलं फ्रॅक्चर ‘नुसती मुरगळ’ म्हणून सहज सुटतं.

खरी गडबड होते ती दहा-बारा दिवसांनी. सूज उतरते, चालताना दुखत नाही आणि गडी शनिवारच्या स्पर्धेत उतरतो. अस्थिबंधात पाऊल कसं पडलंय हे मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात. दुखणं गेलं तरी त्यांची खबर उशिराच पोचते, पाऊल आवरणारे नडगीबाहेरचे स्नायू उशिरा जागे होतात आणि घोटा पुन्हा वळतो.

म्हणून दिवस मोजण्यापेक्षा घोटा मोजा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल हळूहळू मागे न्या. जास्तीत जास्त किती अंतरावरून गुडघा टेकतो ते अंगठ्यापासून भिंतीपर्यंत मोजा. दोन्ही पायांत दीड-दोन सेंमीपेक्षा जास्त फरक नको. टाचेखाली कागद ठेवून कोणाला तरी ओढायला सांगा. कागद निसटला तर टाच उचलली गेलीय, माप बाद!

बाहेरच्या स्नायूंसाठी सायकलची जुनी ट्यूब पुरते. एक टोक टेबलाच्या पायाला बांधा, दुसरं पावलात अडकवा, पाऊल बाहेर ढकला आणि तीन सेकंद घेत सावकाश परत आणा. १५ वेळा, तीन फेऱ्या. इथे बहुतेकांचं पाऊल जागचं हलत नाही, मांडीपासून अख्खा पाय फिरतो. गुडघा हाताने धरून ठेवा. जोडीला एका पायावर टाच उचलणं, दुसऱ्या पायाइतकं होईपर्यंत.

मग तोल. एका पायावर ३० सेकंद, नंतर डोळे मिटून, नंतर घडी केलेल्या गोधडीवर, शेवटी भिंतीवर चेंडू फेकत-झेलत. कंटाळवाणं आहे, म्हणूनच सगळे हे टाळतात.

आता धावणं: आधी सरळ, मग इंग्रजी आठचा आकडा, मोठ्याचा लहान करत. एका पायावरच्या लंगडी-उडीचं अंतर चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरलं की मॅट. तिथेही आधी मोकळी चढाई, मग अर्ध्या जोराची घोट्याची पकड, मग पूर्ण सराव, सामना शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं वाढलं असेल तर एक पायरी मागे या. हलक्या मुरगळीला यात दोन-तीन आठवडे जातात, अस्थिबंध पुरता फाटला असेल तर तीन महिनेही.

घोट्याला गुंडाळायच्या चिकटपट्टीवर फार भिस्त ठेवू नका. ती घामाने आणि हालचालीने पहिल्या २० मिनिटांच्या सत्रातच सैल पडते आणि ५ मिनिटांच्या मध्यंतरात नीट बांधून होत नाही. त्यापेक्षा नाडी बांधायचा कापडी ब्रेस बरा, निदान सहा महिने. बुटात बसतो का ते आधी बघा. कडक प्लास्टिकचा घेऊ नका, पकडीत समोरच्याला लागतो.

एवढं सगळं नीट करूनही तीन महिन्यांनी सपाट रस्त्यावर घोटा दगा देत असेल, किंवा सांध्यात आत खोल दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. कूर्चेला इजा असू शकते आणि ती साध्या एक्सरेत अनेकदा दिसत नाही.