प्रश्नावलीतले ‘सपोर्ट’ आणि इटालियनमधली त्यांची निरनिराळी घरे

इटलीत फोनवरून घ्यायच्या एका सर्वेक्षणाची प्रश्नावली तपासायला आली होती. एका रकान्यात मूळ इंग्रजी, शेजारी मशीनने केलेला इटालियन मसुदा आणि वर एक सूचना: ‘सपोर्ट’ला सगळीकडे एकच शब्द वापरावा, म्हणजे उत्तरे जुळवताना गोंधळ होत नाही. मसुद्याने ही सूचना तंतोतंत पाळली होती. सरकारी धोरण असो, फुटबॉलचा संघ असो, म्हातारे आईवडील असोत की बँकेची हेल्पलाइन, सगळ्यांच्या वाट्याला ‘सुप्पोर्तो’ आला होता. प्रश्नावली त्याच संध्याकाळी फोन करणाऱ्यांच्या हाती जायची होती.

पहिलाच प्रश्न मोठ्याने वाचल्यावर अडकला. पाठिंबा देणे या अर्थाचे ‘सुप्पोर्तारे’ हे क्रियापद इटालियनमध्ये आहे, चुकीचेही नाही. पण संगणकाच्या नि तांत्रिक मजकुरात ते जितके शोभते तितके घरच्या बोलण्यात शोभत नाही. शिवाय त्याला अगदी खेटून ‘सोप्पोर्तारे’ उभे आहे, म्हणजे सहन करणे, खपवून घेणे. ‘मी या प्रस्तावाला पाठिंबा देतो’ म्हणजे ‘सुप्पोर्तो’, आणि ‘मी हा प्रस्ताव कसाबसा सहन करतो’ म्हणजे ‘सोप्पोर्तो’. दोन्हींत जोर ‘पोर’वर पडतो, पहिला स्वर ओझरता निघून जातो. कागदावर हा फरक दिसतो, खरखरणाऱ्या फोनवर तो ऐकू येईलच याची खात्री कोण देणार? त्यातच नाम म्हणून ‘सुप्पोर्तो’चा आणखी एक रोजचा अर्थ आहे: मजकूर ज्यावर साठवतात ते माध्यम, कागदी किंवा डिजिटल. रकान्याच्या डोक्यावर नुसता ‘सुप्पोर्तो’ लिहिला, तर वाचणाऱ्याला आधी तेच आठवू शकते.

अशा वेळी शब्दकोश उघडण्याआधी मी एक काम करते. मूळ मजकुरातली ‘सपोर्ट’ आणि ‘प्रिफर’ आलेली प्रत्येक ओळ गाळून वेगळी काढायची आणि तिच्यापुढे तीन गोष्टी लिहायच्या: कोण देतो, कोणाला देतो, आणि देतो ते नेमके काय. मत, पैसा, श्रम की नुसता धीर? हे तीन रकाने भरले की इटालियन शब्द बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

धोरणाबद्दलच्या मताला क्रियापदच नको. ‘तुम्ही याला अनुकूल आहात की विरोधात?’ अशीच इटालियन सर्वेक्षणांची घडण असते: ‘फावोरेवोले’ की ‘कोन्त्रारियो’. ‘फावोरेवोले’ स्त्री-पुरुष दोघांना चालते, ‘कोन्त्रारियो’ मात्र बाईसाठी ‘कोन्त्रारिया’ होते. त्यामुळे फोन करणाऱ्याच्या पडद्यावर दोन्ही रूपे हवीत.

पक्षाच्या किंवा सरकारच्या पाठिंब्याला ‘अप्पोज्जारे’ किंवा ‘सोस्तेनेरे’. यातल्या पहिल्याचे नाम ‘अप्पोज्जो’, आणि आपल्याकडच्या ‘बाहेरून पाठिंबा’ला तिथे शब्दशः ‘अप्पोज्जो एस्तेर्नो’ म्हणतात. रोमानो प्रोदींचे 1996 चे सरकार रिफोन्दात्सिओने कोमुनिस्ता या पक्षाच्या अशाच टेकूवर उभे होते. टेकू निघाला आणि ऑक्टोबर 1998 मध्ये ते 312 विरुद्ध 313 असे पडले. पुढच्याच एप्रिलमध्ये दिल्लीत वाजपेयी सरकारही एका मताने गेले, म्हणून मराठी वाचकाला हा शब्दप्रयोग समजवायला वेळ लागत नाही.

फुटबॉलच्या ओळीत ‘सोस्तेनेरे’ लिहिले असते, तरी सभासदांच्या वर्गणीचा किंवा देणगीचा वास आला असता. तिथे ‘तिफारे’च हवे. ‘तीफो’ म्हणजे मुळात टायफसचा ताप. चाहत्यांचे वेड त्यावरून आले. आईवडिलांच्या ओळीत पैसा होता म्हणून ‘मान्तेनेरे’, म्हणजे पोसणे. अडचणीत धीर देणारे कोणी आहे का, या प्रश्नाला ‘ज्याच्यावर भिस्त ठेवता येईल असे कोणी’ अशी उलटी रचना. हेल्पलाइन म्हणजे ‘अस्सिस्तेन्त्सा’. यात फार विचार करावा लागला नाही.

शाळेच्या प्रश्नापाशी मात्र थांबावे लागले. इंग्रजीत एवढेच होते: तुमच्या मुलाला शाळेत आधार मिळतो का? मसुद्यातला ‘सुप्पोर्तो’ खोडून बहुतेक जण तिथे ‘सोस्तेन्यो’, म्हणजे आधार, लिहितील, आणि इतर कुठल्याही ओळीत तो उत्तम शब्द आहे. शाळेच्या आवारात त्याला ठरीव अर्थ आहे. इटलीने 1977 च्या 517 क्रमांकाच्या कायद्याने अपंग मुलांना सर्वसाधारण वर्गात आणले. त्यांच्यासाठी वर्गात जे शिक्षक नेमतात त्यांना ‘इन्सेन्यान्ते दी सोस्तेन्यो’ म्हणतात. ‘मुलाला शाळेत सोस्तेन्यो आहे का’ असे विचारले, की पालकाच्या कानावर ‘तुमच्या मुलाला अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे का’ असा प्रश्न पडतो. बहुतेक पालक ‘नाही’ म्हणणार, आणि अहवालात लिहिले जाणार की इटालियन शाळा मुलांना मदत करत नाहीत. मूळ प्रश्न अभ्यासातल्या मदतीचा होता, म्हणून ‘अभ्यासात साहाय्य’ असे सरळ लिहिले. ही एक ओळ सापडली नसती, तर बाकीची सगळी मेहनत त्या तक्त्यापुरती पाण्यात गेली असती.

मग उत्तरांची पट्टी. इंग्रजीत ठाम पाठिंबा, थोडाफार पाठिंबा, थोडाफार विरोध, ठाम विरोध. मसुद्यात ‘फोर्तेमेन्ते’ (जोरदारपणे), ‘लेज्जेर्मेन्ते’ (किंचित) अशी क्रियाविशेषणे. वाचायला कळतात, पण असे बोलत कोणी नाही. ‘मोल्तो’ (खूप), ‘आब्बास्तान्त्सा’ (बऱ्यापैकी), ‘पोको’ (थोडेच), ‘पेर निएन्ते’ (अजिबात नाही) ही चार पायऱ्यांची पट्टी इटालियन माणसाच्या तोंडात बसलेली आहे. अडचण एवढीच, की ती एका बाजूने शून्यापर्यंत उतरते, तर इंग्रजी पट्टी मध्यावरून दोन्हीकडे जाते. ‘पोको फावोरेवोले’ म्हणजे ‘फारसा अनुकूल नाही’. तो ‘थोडाफार विरोध’ नव्हे. म्हणून खालच्या दोन पायऱ्यांना ‘आब्बास्तान्त्सा कोन्त्रारियो’ आणि ‘मोल्तो कोन्त्रारियो’ ठेवले. दुसऱ्या देशांच्या आकड्यांशी तुलना करायची असेल, तर दोन्हीकडे जाणारी पट्टी एका बाजूची करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पसंतीचे प्रश्न वरवर सोपे दिसतात. ‘प्रेफेरीरे’नंतर येणारे क्रियापद ‘दी’ न लावता थेट येते, आणि ‘अमक्यापेक्षा तमके पसंत’ यातल्या ‘पेक्षा’ला ‘आ’ लागतो. मसुद्यात तिथे ‘प्युत्तोस्तो के’ होते. याचा खरा अर्थ ‘च्याऐवजी’, पण उत्तर इटलीतून पसरलेल्या बोलण्यात ते ‘किंवा’ म्हणून वापरतात. जाणकार त्यावर कितीही चिडले, तरी ते लोकांच्या तोंडी आहे. पर्याय निवडायच्या प्रश्नात हा दुहेरी अर्थ परवडत नाही, म्हणून दोन पर्यायांमध्ये साधा ‘ओ’, म्हणजे ‘किंवा’, ठेवला.

‘तुमची पसंती कोणत्या पक्षाला’ या ओळीत ‘प्रेफेरेन्त्सा’ ठेवला असता तर तोही घसरला असता. मतपत्रिकेवर यादीतल्या उमेदवाराचे नाव लिहून निवडणे, याला तिथे ‘प्रेफेरेन्त्सा’ म्हणतात. पूर्वी लोकसभेसारख्या सभागृहासाठी अशी तीन-चार नावे लिहिता येत. जून 1991 च्या सार्वमताने ती एकावर आली. म्हणजे हा शब्द ऐकून मतदाराच्या डोक्यात पक्षाऐवजी उमेदवार येऊ शकतो. ‘आज निवडणूक झाली तर कोणत्या पक्षाला मत द्याल’ असे विचारणेच बरे.

दुपारनंतर तपासणीच्या सॉफ्टवेअरने अपेक्षेप्रमाणे ओळीमागून ओळ लाल केली: एका शब्दाला अनेक प्रतिशब्द. काम पाहणाऱ्या मॅडमचा लगेच फोन आला, “अहो, हे सगळं एकसारखं करता येणार नाही का?” मी त्यांना ‘सोस्तेन्यो’ घातलेली शाळेची ओळ उलट इंग्रजीत करून पाठवली. पुन्हा विचारणा झाली नाही. मात्र प्रत्येक लाल ओळीसमोर टिपेच्या रकान्यात एका वाक्यात कारण लिहिले, कारण पुढच्या वर्षी ही प्रश्नावली दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तर ते सगळे पुन्हा ‘सुप्पोर्तो’ करून टाकतील.

शेवटची ओळ संपर्काच्या भाषेची होती. मसुद्यात ‘लिंग्वा प्रेफेरीता’, म्हणजे ‘आवडती भाषा’. बोल्झानो प्रांतात इटालियन आणि जर्मन दोन्ही अधिकृत आहेत. तिथे हा प्रश्न पत्रव्यवहाराचा न राहता जिव्हाळ्याचा होतो. ‘तुमच्याशी कोणत्या भाषेत संपर्क साधलेला आवडेल’ असे केले, तर क्रियापदाला पुन्हा स्त्री-पुरुष रूपे लावावी लागतात. म्हणून ‘आमची पत्रे कोणत्या भाषेत मिळावीत असे तुम्हाला वाटते’ असे वाक्य केले आणि फाइल पाठवली.